एजबॅस्टनचं गवत : बर्मिंगहॅमच्या महिला टेनिस स्पर्धेची गोष्ट (१९८२–२०२४)

स्लाइसबहाद्दर (धागाकर्ता)

२०२५च्या जूनमध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर ५२ वर्षांनी महिलांची स्पर्धा परतली. त्याचं भरपूर कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच फेरबदलात बर्मिंगहॅमची स्पर्धा निकालात निघाली, त्याबद्दल आपल्याकडे कोणी अवाक्षर काढल्याचं दिसलं नाही. म्हणून हा धागा.

आधीच सांगतो, बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन उपनगरातल्या एजबॅस्टन प्रायरी क्लबच्या गवतावर जूनमध्ये अजूनही टेनिस होतं. पण आता तिथे पुरुषांचं चॅलेंजर आणि महिलांची डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) १२५ अशी जोडस्पर्धा भरते. म्हणजे मुख्य टूरच्या एक पायरी खाली. तिथलं विजेतेपद टूरच्या विजेतेपदांत धरलं जात नाही. बिली जीन किंग, नवरातिलोवा, शारापोवा, ली ना, क्वितोवा, बार्टी यांची नावं जिच्या यादीत आहेत ती स्पर्धा २०२४ला संपली.

आता जरा मागे जाऊ. लॉन टेनिसचा जन्म कुठला यावर इंग्रज अजून भांडतात, पण एजबॅस्टनचा दावा भक्कम आहे. हॅरी जेम नावाचा वकील आणि त्याचा स्पेनमध्ये जन्मलेला व्यापारी मित्र ऑगुरिओ परेरा, हे दोघं १८६०च्या आसपास परेराच्या ॲम्प्टन रोडवरच्या घरामागे हिरवळीवर रॅकेटने चेंडू टोलवत होते. दुसरा दावेदार मेजर विंगफिल्ड, त्याने आपल्या खेळाचं पेटंट घेतलं १८७४ला. परेराच्या त्या घरावर आज पाटी आहे.

बायकांच्या टेनिसशीही या उपनगराचं नातं जुनं आहे. १८८४ला विम्बल्डनने पहिल्यांदा महिला एकेरी ठेवली. ती जिंकणारी मॉड वॉटसन कॉव्हेन्ट्रीजवळच्या बर्क्सवेलच्या पाद्र्याची मुलगी. फायनल थोरल्या बहिणीविरुद्ध, लिलियनविरुद्ध, ६-८, ६-३, ६-३. मॉड आपली पहिली स्पर्धा १८८१ला एजबॅस्टनमध्येच खेळली होती आणि जिंकली होती. शंभर वर्षांनी इथे स्पर्धा सुरू झाली तेव्हा एकेरीच्या करंडकाला तिचं नाव मिळालं.

ही आधुनिक स्पर्धा १९८२ची, पहिलं नाव एजबॅस्टन कप. पहिली विजेती बिली जीन किंग. १९८३ला पुन्हा तीच, ॲलिशिया मोल्टनला ६-०, ७-५ हरवून. तेव्हा किंगबाई ३९ वर्षांच्या होत्या. टूरवर एकेरी जिंकणारी सगळ्यात वयस्कर खेळाडू हा विक्रम तेव्हापासून त्यांच्याच नावावर आहे. व्हीनस आणि सेरेना दोघींनाही तो मोडता आला नाही. त्याच वर्षी त्या विम्बल्डनच्या उपांत्य फेरीतही पोचल्या, आणि तिथे १८ वर्षांच्या अँड्रिया येगरने त्यांना ६-१, ६-१ असं धुऊन काढलं.

मग १९८४ ते ८७ सलग चार वर्षं पॅम श्रायव्हर. एकेरीचं ग्रँडस्लॅम तिला कधीच मिळालं नाही, पण इथे चार वर्षं तिला कोणी हात लावू शकलं नाही.

मला सगळ्यात आवडतो तो त्यानंतरचा काळ. झिना गॅरिसन आणि लोरी मॅकनील. दोघी ह्यूस्टनच्या मॅकग्रेगर पार्कमधल्या, सरकारी बागेतल्या सार्वजनिक कोर्टांवर जॉन विल्करसन यांच्या हाताखाली शिकलेल्या. गवत त्यांनी लहानपणी पाहिलंही नसेल. १९९०ला झिना बर्मिंगहॅम जिंकली आणि पुढच्या महिन्यात विम्बल्डनला सेलेस आणि ग्राफ अशा दोघींना लागोपाठ घरी पाठवून फायनलला गेली. १९५८च्या अल्थिया गिब्सननंतर ग्रँडस्लॅमची फायनल गाठणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पुढे १९९३, ९४, ९५ अशी लागोपाठ तीन वर्षं बर्मिंगहॅमची फायनल याच दोघी मैत्रिणींत झाली, दोनदा लोरी जिंकली आणि एकदा झिना. त्यातल्या १९९४च्या विजयानंतर लोरीने विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत गतविजेत्या ग्राफला ७-५, ७-६ हरवलं. विम्बल्डनची गतविजेती पहिल्या फेरीत हरण्याची ती पहिलीच वेळ. वर्तमानपत्रांनी 'सनसनाटी' असं छापलं. बर्मिंगहॅमचे निकाल बघणाऱ्याला एवढा धक्का बसायचं कारण नव्हतं.

पुढचं प्रतिसादांत लिहितो.

कट्टा_नंबर_२

जबरी धागा. बाकी ती सेरेनावाली माहिती नवीन. शारापोवाबद्दल लिहा ना, आमच्या पिढीला बर्मिंगहॅम तिच्यामुळेच माहीत.

पावसाळी_प्रेक्षक

आणि पाऊस विसरू नका! १९९८ला पावसाने इतका छळ मांडला की एकेरी पूर्णच झाली नाही. एकेरीच्या विजेत्यांच्या यादीत त्या वर्षापुढे कोणाचंही नाव नाही. त्यानंतर २०२०ला कोविडमुळे. विम्बल्डनला निदान नंतर छप्पर आलं, इथे ताडपत्री आणि चहा.

स्लाइसबहाद्दर

@कट्टा_नंबर_२ : शारापोवा २००३ला इथे आली तेव्हा १६ वर्षांची होती आणि पात्रता फेरीतून थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. २००४ला एकेरी आणि किरिलेन्कोबरोबर दुहेरी दोन्ही जिंकली, आणि काही आठवड्यांत विम्बल्डनही. २००५ला परत इथली विजेती. पुढे २००७ला यांकोविचकडून आणि २०१०ला ली नाकडून फायनलमध्ये हरली. एवढी मोठी झाल्यावरही ती येत राहिली याचं कारण सोपं. फ्रेंच ओपन संपल्याबरोबरचा आठवडा तेव्हा बर्मिंगहॅमचा. मातीवरून उतरून गवतावर पाय बसवायला याच्याइतकी योग्य वेळ नाही.

पण हाच आठवडा अडचणीचाही होता. पॅरिसच्या दुसऱ्या आठवड्यात टिकलेल्या खेळाडू दमलेल्या असायच्या, त्या नावं मागे घ्यायच्या. त्यामुळे ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार ती यादी) फाटका व्हायचा, आणि फाटक्या ड्रॉमधून गमतीदार विजेत्या निघायच्या. २०१२ची मेलनी ऊदँ बघा. २००९ला यूएस ओपनमध्ये गाजली आणि नंतर गायबच झाली. इथे पात्रता फेरीतून आली आणि फायनलमध्ये यांकोविचला सरळ सेटमध्ये हरवून गेली. तिच्या कारकिर्दीतलं एकेरीचं ते एकमेव टूर विजेतेपद. २०१३ला हंतुखोवा जिंकली, समोर १६ वर्षांची दोना वेकिच.

ब्रमकर

मी या शहरात बरीच वर्षं आहे, त्यामुळे थोडं प्रत्यक्षातलं.

क्लब सर हॅरीज रोडवर. क्रिकेटचं एजबॅस्टन मैदान तिथून लांब नाही. (२०२५ला गिलने २६९ आणि १६१ केले आणि आपण तिथली पहिली कसोटी जिंकलो तेच ते.) क्लबचं मुख्य कोर्ट ॲन जोन्सच्या नावाचं. बाई इथल्याच, किंग्ज हीथच्या. टेबल टेनिसमध्ये १९५७च्या जागतिक स्पर्धेत तीन फायनल हरल्या आणि १९६९ला बिली जीनला हरवून विम्बल्डन जिंकल्या. आपल्याकडे अशा बाईचा पुतळा उभारून वर दरवर्षी हार घातला असता.

पण खरी मजा बाहेरच्या कोर्टांवर. विम्बल्डनला तुम्ही खेळाडूला दुर्बिणीतून बघता. इथे कडेच्या बाकावर बसलात की बेसलाइन हाताच्या अंतरावर. पहिल्या दिवशी कोर्ट हिरवंगार असतं, बेसलाइनसुद्धा. गुरुवारपर्यंत तिथे दोन पिवळसर पट्टे पडतात आणि शनिवारी पावलांच्या जागी चक्क माती दिसते. नेटजवळ मात्र गवत जवळपास जसंच्या तसं, कारण आजकाल नेटवर जातंय कोण? श्रायव्हरच्या काळातल्या फोटोंत सर्व्हिस लाइनपासून नेटपर्यंत घासलेला पट्टा दिसतो. कोर्ट बघूनच खेळ कसा बदलला ते कळतं.

आवाजाचंही तसंच. हार्ड कोर्टवर बूट किंचाळतात. गवतावर चेंडू दबक्या आवाजात टप्पा घेतो आणि खेळाडूचा श्वास ऐकू येतो. २०१७ला क्वितोवाचे सामने पाहिले. डिसेंबर २०१६मध्ये घरात घुसलेल्या माणसाने चाकूने तिचा डावा हात, म्हणजे खेळायचाच हात, कापला होता. पुनरागमनानंतरची तिची ही दुसरीच स्पर्धा. फायनलमध्ये पहिला सेट बार्टीकडे, मग ४-६, ६-३, ६-२. प्रेक्षकांत रडणारे कमी नव्हते, आमची हीसुद्धा त्यात. पुढच्या वर्षी क्वितोवाने पुन्हा जिंकली.

मिडऑन

बार्टी म्हणजे मधे टेनिस सोडून ब्रिस्बेन हीटकडून बिग बॅश खेळलेली तीच ना? एजबॅस्टनला तिला चुकून क्रिकेटच्या मैदानात नेलं असतं तरी चाललं असतं.

ब्रमकर

तीच. २०१७ला हरली, २०१९ला युलिया गॉर्गेसला ६-३, ७-५ हरवून जिंकली आणि त्या विजयाने जगात पहिल्या क्रमांकावर गेली. १९७६च्या इव्हॉन गूलागाँगनंतर पहिली ऑस्ट्रेलियन महिला. गॉर्गेस तेव्हा तिची दुहेरीतली जोडीदार होती.

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवून बोलू का? स्पर्धा हा धंदा आहे राव. क्वीन्सचं मुख्य कोर्ट मोठं, लंडनचा प्रेक्षक, टीव्हीवाले तिथेच, प्रायोजक तिथेच. ब्रिटनच्या टेनिस संघटनेने, एलटीएने, ठरवलं की मोठी महिला स्पर्धा लंडनला न्यायची. त्यात चुकलं काय? बायकांना मोठं व्यासपीठ, मोठी बक्षिसं. पुरुष-महिला बक्षिसं समान करण्याचं उद्दिष्टही त्यांनी जाहीर केलंय. बर्मिंगहॅमचं वाईट वाटतं, पण वाईट वाटून कॅलेंडर चालत नाही.

प्रायोजकांची यादी बघा ना : आधी रसायन कंपनी डाऊ, मग सोफे विकणारी डीएफएस, मग विमावाले एगॉन, मग नेचर व्हॅली म्हणजे ओट्सच्या वड्या, मग व्हायकिंग म्हणजे नदीतल्या क्रूझ, आणि शेवटी पेन्शनवाले रॉथसे. सोफ्यावर बसून वड्या खात क्रूझचे बेत करायचे आणि मग पेन्शन. ही यादी म्हणजे निवृत्तीचं पूर्ण पॅकेज आहे :)

स्लाइसबहाद्दर

यादी भारी :) पण मुद्दा तेवढा सरळ नाही.

एक तर बर्मिंगहॅमला २०२५ला एका फटक्यात मारलेलं नाही, आधीच कुपोषित ठेवलं होतं. क्रम बघा. २०१४ला स्पर्धेला प्रीमियर, म्हणजे वरचा, दर्जा मिळाला. २०१५पासून फ्रेंच आणि विम्बल्डनमध्ये दोनऐवजी तीन आठवडे आले. नॉटिंगहॅमची महिला स्पर्धा टूरवर आली आणि बर्मिंगहॅमला मधला, सगळ्यात चांगला आठवडा मिळाला. इव्हानोविच, केर्बर, कीज, क्वितोवा, क्वितोवा, बार्टी ही २०१४ ते २०१९ची विजेत्यांची ओळ त्या दर्जाचं आणि त्या आठवड्याचं फळ आहे. २०१५ची केर्बर–प्लिश्कोवा फायनल तर तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत गेली. सवड मिळाली तर जरूर शोधून बघा.

मग २०२१ला बर्लिनची नवी स्पर्धा त्याच आठवड्यात आली, तीही ५०० दर्जाची (आकडा विजेतीला मिळणाऱ्या गुणांचा), आणि बर्मिंगहॅम उतरून २५०वर. मोठ्या खेळाडू साहजिकच बर्लिनला. त्यानंतर 'इथे आता मोठी नावं येत नाहीत' असं म्हणणं म्हणजे विहिरीतला दोर काढून घ्यायचा आणि वर विचारायचं की पाणी का येत नाही.

दुसरं, क्वीन्सचा इतिहास. तिथे महिलांची स्पर्धा १८९०पासून होती. १९७३ला ओल्गा मोरोझोवा जिंकली आणि नंतर बंद. पुरुषांची मात्र राहिली आणि वाढली. गंमत म्हणजे १९७३च्याच जूनमध्ये लंडनच्या एका हॉटेलात किंगबाईंनी खेळाडूंना गोळा करून डब्ल्यूटीए स्थापन केली. म्हणजे संघटना जन्मली त्याच वर्षी लंडनमधली विम्बल्डनपूर्वीची ही जुनी महिला स्पर्धा गेली. नऊ वर्षांनी बर्मिंगहॅमने गवत दिलं आणि चाळीस वर्षं दिलं. ज्या क्लबने पाच दशकं बायकांना बाहेर ठेवलं त्याच्याकडे मोठी स्पर्धा गेली, आणि ज्याने सांभाळलं त्याला खालची पायरी. क्वीन्सला महिला आल्या याचा मला आनंदच आहे. हिशेब कोणाच्या खात्यातून वळता झाला तेवढं फक्त दाखवतोय.

हिशेबनीस

खात्याचा मुद्दा मान्य. पण पर्याय सांगा. गवताचे आठवडे तीन, स्पर्धा भरमसाट. नवीन काही आणायचं तर काहीतरी जाणारच. ईस्टबर्नच्या महिला स्पर्धेलाही ५००वरून २५०वर यावं लागलंच की.

स्लाइसबहाद्दर

नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅममध्ये अंतर किती? तासाभराचं. दोन्ही मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात. त्यातली एक २५० ठेवायचीच होती तर इतिहास कोणाकडे होता? मला उत्तर माहीत आहे, पण मी पक्षपाती आहे.

माळी_बुवा

गवताचा विषय निघालाय म्हणून दोन शब्द. विम्बल्डनने २००१पासून कोर्टांवर शंभर टक्के रायगवत लावलं, त्याआधी दुसऱ्या बारीक गवताचं मिश्रण असायचं. रायगवत टिकाऊ, खालची जमीन जास्त कडक राहते, टप्पा थोडा उंच आणि सरळ येतो. कापणी ८ मिलिमीटरवर. जुन्या मऊ गवतावर चेंडू घसरून जायचा, कधी कधी उठायचाच नाही, म्हणून लोक सर्व्हिसमागे नेटवर धावायचे. आता बेसलाइनवरून खेळून जिंकता येतं. ब्रमकरांनी सांगितलेल्या त्या दोन पट्ट्यांचं मूळ हेच.

तरी स्लाइस, म्हणजे चेंडू खालून कापून मारायचा फटका, अजून चालतो. टप्पा पडल्यावर चेंडू घोट्याएवढ्या उंचीवर सरपटत जातो. आजच्या मुलींची पकड उंच चेंडू मारण्यासाठी, त्यांना तिथे रॅकेट घालणं जड जातं. २०२५ला क्वीन्स जिंकली ती तात्याना मारिया, ३७ वर्षांची, दोन लेकींची आई, तीही पात्रता फेरीतून. मुखोवा, रिबाकिना, कीज आणि फायनलला अनिसिमोवा, सगळ्यांना तिने फोरहँड-बॅकहँड दोन्हीकडून कापून काढलं.

कट्टा_नंबर_२

गवतावर घसरत नाहीत का या? साधे बूट असतात की वेगळे?

माळी_बुवा

वेगळे. तळाला बारीक रबरी दाणे असतात. खिळे नाहीत, खिळ्यांनी कोर्टाची वाट लागेल. तरीही पहिल्या दोन-तीन दिवसांत, गवतात ओल असते तेव्हा पडापडी होतेच.

सिंधुदुर्गी

थोडं अवांतर, पण गवत, बायका आणि टेनिस म्हटल्यावर राहवत नाही. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला लीला राव, साल १९३४. मुंबईची. आई पंडिता क्षमा राव, संस्कृतात कविता लिहिणाऱ्या, आणि स्वतःही टेनिस खेळायच्या. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित, आमच्या सावंतवाडीकडचे, तुकारामांच्या गाथेच्या इंदुप्रकाश प्रतीच्या संपादकांपैकी एक. म्हणजे गाथेच्या संपादकाची नात विम्बल्डनच्या गवतावर. हे शाळेत कोणी सांगितलं नाही.

मिडऑन

हे अवांतर नाही, वेगळा धागा आहे. काढाच.

पावसाळी_प्रेक्षक

जाबूर राहिली की! २०२१, फायनलमध्ये कासात्किनाला ७-५, ६-४. डब्ल्यूटीएचं विजेतेपद मिळवणारी पहिली अरब महिला, आणि तेही बर्मिंगहॅमला. आधीच्या दोन फायनल हरलेली होती. तिचे ड्रॉप शॉट त्या गवतावर म्हणजे नुसता छळ. पुढची दोन वर्षं विम्बल्डनच्या फायनलला गेली त्याची सुरुवात मी इथून धरतो. तेव्हा भारतात हे सामने टीव्हीवर दाखवले नाहीत, अर्ध्या तासाने स्कोअर ताजा होणाऱ्या ॲपवर बघत बसलो होतो.

स्लाइसबहाद्दर

बरोबर, जाबूर हवीच. नंतरच्या तीन पटकन : २०२२ हद्दाद मायया (फायनलला झांग शुआईने दुखापतीमुळे माघार घेतली), २०२३ ओस्तापेंको, २०२४ पुतिन्त्सेवा, समोर टॉमल्यानोविच. यादी इथे संपते. सुरुवात किंगबाई आणि शेवट पुतिन्त्सेवा, चिडचिड आणि पंचांशी वाद दोघींनाही वर्ज्य नाही.

मिडऑन

लगे हाथ न्यूपोर्टवर पण लिहा. अमेरिकेतही बायकांची गवतावरची स्पर्धा होती ना?

स्लाइसबहाद्दर

होती. व्हर्जिनिया स्लिम्स ऑफ न्यूपोर्ट, सिगारेट कंपनीच्या नावाची. आधी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, मग १९८३ ते १९९०. नवरातिलोवा, एव्हर्ट, आणि अर्थातच श्रायव्हर दोनदा. लोरी आणि झिना तिथेही लागोपाठच्या वर्षी जिंकल्या, १९८८ आणि १९८९. शेवटची विजेती मातीवरची राणी अरांचा सांचेझ. त्याच क्लबवर पुरुषांत विजय अमृतराज तीनदा आणि लिएंडर १९९८ला एकदा जिंकलाय, त्यामुळे आपल्या लोकांना रस असेल. विकेंडला वेगळा धागा काढतो, तोवर सिंधुदुर्गींनी लीला राव मनावर घ्यावं.

सिंधुदुर्गी

घेतलं.